मागून कोण म्हणणार?

मी ब्लॉग काढणार म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला अक्कल फुटली. माझा भाऊ धनेश, ज्याने आयुष्यात गोडाउनच्या भाडेकराराशिवाय काही वाचलेलं नाही, तो म्हणाला, "ब्लॉग कोन वाचतंय आता? रील बनव, उन्नती. राहीकाकीला नऊवारी नेसव, मागे डीजे टाक, लाखात व्ह्यूज." मी म्हटलं, काकी तुला डीजेसकट खाडीत ढकलून देईल. आई म्हणाली, आधी लग्नाचं बघ, मग ब्लॉगचं.

राहीकाकी म्हणजे माझी चुलत काकी आणि आमच्या वळ गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाते ती धवलारीण. मांडव घातल्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, आणि गाणं संपल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. भटजी घड्याळाकडे बघत बसतो आणि काकी आपली निवांतपणे एकेक ओळ सोडते. तिने ओळ सोडायची, मागे बसलेल्या बायकांनी ती उचलायची, म्हणजे उत्तराची ओळ मागून म्हणायची. लहानपणी मला वाटायचं की लग्न काकीच लावते, बाकीचे नुसते जेवायला आलेत. अजूनही माझं मत फारसं बदललेलं नाही.

आता काकी गाव सोडणार होती. तिच्या मुलाने, जीवनने, पुण्यात फ्लॅट घेतला होता आणि लग्नसराई संपली की तो आईला घेऊन जाणार होता. त्यात वाईट काही नव्हतं. पण पुण्यातल्या बाराव्या मजल्यावर धवलारणीला बोलवायला कोण जाणार? तिच्या हाताखाली कोणी शिकलेलं नव्हतं. काकी गेली की वळचे धवले तिच्या सामानातून जाणार, आणि पुढच्या लग्नात आम्ही भटजीच्या तोंडाकडे बघत बसणार. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून ब्लॉग.

मी वळमधल्याच एका गोडाउनमध्ये डिस्पॅचला आहे. जेवणाच्या सुट्टीत एका हातात चपातीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, अशी मी ब्लॉगसाठी नेटवर जागा शोधायला बसले. इतकी मजा मला दिवाळीच्या खरेदीतही आली नव्हती. रंग निवडा, अक्षर निवडा, नाव निवडा! मी तर नुसती सुटलेच.

पहिली जागा फुकटातली होती. आपल्या नावामागे कंपनीच्या नावाचं शेपूट, तेही चाललं असतं. पण चाचणीसाठी हळदीच्या गाण्याचे दोन शब्द टाकले, तर खाली जाहिरात आली घटस्फोटाच्या वकिलाची. काकीने ती पाहिली असती तर माझं लग्न कायमचं राहिलं असतं. दुसरी जागा दिसायला अशी देखणी की मी तिच्या प्रेमातच पडले. कामतघरला राहणाऱ्या मामेबहिणीला, भावनाला लिंक पाठवली. तिच्या जुन्या फोनवर ते गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. "अगं, माझा भात झाला, तुझं पान न्हाय उघडलं," ती म्हणाली. तिसऱ्या जागेत लिहिलेलं थेट लोकांच्या ईमेलवर जायचं. आमच्या बायकांचा ईमेल म्हणजे फोन घेतला तेव्हा मुलाने एकदा टाकला होता तो. तो कुठला आणि त्याचा पासवर्ड काय, देव जाणे.

शेवटी एक साधी जागा सापडली. जाहिरात नाही, भावनाच्या फोनवर फट्‌कन उघडते, गाणी विधीच्या क्रमाने लावता येतात. मी खुर्चीतून उडालेच. काकीकडून तांदळाच्या धवल्याच्या पहिल्या ओळी भरून घेतल्या, वर पिवळ्या रंगात नाव टाकलं आणि संध्याकाळी तिच्या ओटीवर जाऊन फोन तिच्या कानाशी धरला.

काकीने स्वतःचा आवाज ऐकला. आधी लाजली, मग खूश झाली. मग ओळ संपली, फोन गप्प झाला, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"आनि मागून कोन म्हनतंय?"

"कोणी नाही, काकी. फक्त तू."

"म्हंजे मी एकटीच बोलतंय आनि एकटीच थांबतंय? बाईला येड लागलं असं वाटंल. बंद कर ते."

मी म्हटलं, त्यात काय, गल्लीतल्या चार बायका बसवते आणि पुन्हा भरते. तिने मान हलवली. "ह्या बाया मांडवात म्हनतातच. तुझ्या फोनवर ऐकनारी जी हाय, तिनं उचलला पायजे. नुसता ऐकला तर तो रेडियो झाला, धवला न्हाय. उचललेला न्हाय तो धवला अर्धा राहतो, आनि अर्धा ठेवायचा नसतो. उचलनारी आन, मंग पुढचं सांगन."

मला असा राग आला म्हणता! एवढी मरमर करून जागा शोधली आणि हिचं आपलं तिसरंच. घरी आल्यावर आईवर उगाच खेकसले. पण भांडी घासता घासता डोक्यात लख्ख उजेड पडला. मी आतापर्यंत काय शोधत होते? जिथे काकी बोलेल आणि लोक ऐकतील अशी जागा. हवी होती ती ओळ परत करणारी जागा! मी हात तसेच ओले ठेवून मोबाइल उचलला.

मग नव्याने शोध. लिहून उत्तर द्यायची सोय सगळीकडे होती, पण धवल्याला लिहून कोण उत्तर देतं? आणि ती सापडली. कोणा हौशी मंडळींनी चालवलेली, अगदी गबाळी जागा. रंग बघाल तर धुण्याच्या साबणाचा. नाव टाकायला एक पट्टी, आणि प्रत्येक लेखाखाली माइकचं चित्र. ते दाबलं की ऐकणाऱ्याला आपला आवाज तिथेच टाकता येतो. एवढंच. मला ती ताजमहालाहून सुंदर दिसली. पिवळा रंग गेला, देखणी अक्षरं गेली, मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

तांदळाचा धवला चढवला. भावनाला पाठवला, बचत गटांच्या ग्रुपवर टाकला, आजोळच्या, शेजारच्या, ओळखीच्या, अनोळखी अशा सगळ्या बायकांना धाडला. ऐकणाऱ्यांचा आकडा वाढायला लागला. बदाम आले, फुलं आली, हात जोडलेले आले. काकीला दाखवलं तर ती भडकली. "हात कशाला जोडलंत? मी मेलंय काय?"

पण रोज मी तिच्या दारावरून गेले की ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता विचारायची, "उचलला कोनी?" मी नाही म्हणायचे. ती भाजी निवडत राहायची. आत जीवनने आणलेले रिकामे खोके भिंतीला लागून उभे असायचे.

त्या दिवशी मी गोडाउनच्या धक्क्यावर गाडी भरून घेत होते. फोन वाजला. बघते तर माइकच्या चित्राशेजारी लाल टिंब! कोणीतरी आवाज टाकला होता. मी तो तिथे ऐकलाच नाही. काकीच्या आधी आपण ऐकायचा नाही, असं का कोण जाणे वाटलं. सुपरवायझर रामनाथला म्हटलं, आलेच, आणि पळाले. मागून ड्रायव्हर ओरडतोय, "अरे मॅडम, गेटपास तो दो!" मी रिक्षात. छाती अशी धडधडत होती की रिक्षावाल्यानेच विचारलं, "कोई सीरियस है क्या?" मी म्हटलं, नहीं भैया, बहुत अच्छी खबर है, भगाओ.

काकी ओटीवरच होती. मी फोन तिच्यासमोर धरला आणि बटण दाबलं. आधी काकीचा आवाज आला.

*पयला तांदूल कोनाला देऊ गो...*

आणि मग एक अनोळखी, जाडसर, थोडा घाबरलेला बाईचा आवाज.

*पयला तांदूल डोंगराला देऊ गो...*

मी नाचणारच होते. काकी ताडकन उभी राहिली.

"डोंगराला? खारीला! पयला तांदूल खारीला, खाडीकाठच्या शेताला! कोन हाय ही? कोनी शिकवलंय हिला? लग्नात असं बोलली तर मांडव कोसलंल!" ती परत बसली, पदर खोचला, घसा खाकरला. "लाव तो फोन. हिला सगला ऐकव."

आणि सुरू झाली. तांदळाचा धवला पुरा केला, मग म्हणाली, हिला हलदीचापन येत नसंल, तो घे. मग मांडवाचा. मग मुहूर्तमेढीचा. रागाने गाल तांबडे झालेले आणि आवाज असा खणखणीत की समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. जीवन बाहेर येऊन म्हणाला, "आई, हांड्याचं काय करू, न्यायचा?" तिने त्याला हातानेच आत हाकललं. मी नुसती भरून घेत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. फोनची जागा संपली तेव्हा कुठे ती थांबली.

"हे पुन्यावरून होतं काय?" तिने विचारलं.

"होतं, काकी. फोन जिथे आहे तिथून होतं."

"मंग सांग जीवनला, हांडा खोक्यात भर."

रात्री मी ते सगळं त्याच जागेवर चढवलं, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मी सुट्टी टाकून काकीजवळच बसले होते. ती बाई गाण्याआधी बोलली.

"काकी, मी कमळ. शहापूरकडची. आमच्याकडं खार न्हाय, डोंगर हाय, म्हनून माझी आई तसंच म्हनायची. ती धवलारीण होती. मी कायम तिच्या मागून म्हनलंय, पुढं होऊन कधी न्हाय. आई गेली तवापासून आमच्या गावात धवले बंद हायत. आज मी पुढं होऊन म्हनतंय. तुम्ही माझ्या मागून म्हनाल काय?"

आणि तिने ओळ सोडली.

*पयला तांदूल कोनाला देऊ गो...*

पुढे नुसती शांतता. तिने उत्तरापुरती जागा सोडली होती. कुठेतरी लांब कोंबडा आरवल्याचं ऐकू येत होतं.

मी काकीकडे बघायलाही घाबरले. तिला मी जन्मात कोणाच्या मागून म्हणताना पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या गावची धवलारीण मांडवात आली तर ही पाणी प्यायला उठायची. कमळची ती आई, तिचं बंद पडलेलं गाव, सगळं आता काकीच्या तोंडाकडे बघत होतं.

काकीने माझ्या हातातून फोन घेतला. माइकच्या चित्रावर तिने स्वतः बोट ठेवलं.

*पयला तांदूल डोंगराला देऊ गो...*

मग बोट न उचलता ती म्हणाली, "बरोबर हाय, पोरी. आता दुसरी ओल सोड. मी हाय मागं."