गच्चीवरची सावली

"टेंपो कुणाचा लागलाय दारात?" गुरुसिद्धप्पांनी गच्चीवरून हाक दिली. दोडक्याच्या वेलाला बांधायची सुतळी अजून त्यांच्या हातातच होती.

खाली उतरून बघतात तर कस्तुराबाईची लोखंडी खाट टेंपोत चढलेली, आणि ती स्वतः पिठाचा डबा ओढत दारात आलेली.

"हे काय, कस्तुराबाई?"

"खोली सोडली, आप्पा. काल सांगनार व्हते, पर जीभच उचलंना."

गुरुसिद्धप्पा पायरीवर बसले. इतक्या वर्षांत या बाईचा आवाज कधी चढला नव्हता. आणि जायचं तर आत्ता, या वर्षी?

गिरणीत कारकुनी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी या चार खोल्या बांधल्या होत्या. सोलापूरचा उन्हाळा, वर नुसता स्लॅब. दुपारी भिंतीला पाठ टेकवत नसे. मागच्या वैशाखात शेजारच्या खोलीतल्या दिपालीचं तान्हं बाळ घामोळ्यांनी रात्रंदिवस रडलं, आणि आप्पांच्या मनानं घेतलं. सारा हिवाळा ते गच्चीवरच होते. स्लॅबला चुन्याचे पांढरे हात दिले. वर तारा ओढून मांडव घातला, दोडका आणि घेवडा चढवला, वेल भरेपर्यंत हिरवी जाळी ताणली. न्हाणीचं पाणी वाया जाऊ न देता वेलांना वळवलं. "आप्पा भाडेकरूंसाठी महाबळेश्वर बांधतोय," गल्ली हसली. हसू दे. यंदा खोल्यांत दुपारी झोप लागत होती.

"कुणी काही बोललं का तुम्हाला? नळावर भांडण?"

"न्हाई वो. कोन बोलतंय?"

"मग खोलीत काय कमी पडलं, सांगा की!"

कस्तुराबाईनं डबा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

"आप्पा, माजा धंदा काय हाय?"

"कडक भाकरी. अख्ख्या सात रस्ता चौकाला ठाऊक आहे."

"त्या कडक कशानं व्हत्यात?"

आप्पांनी वर गच्चीकडं बघितलं. रोज सकाळी गच्चीवर पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर पापडासारख्या पातळ भाकऱ्यांच्या रांगा उन्हात वाळत टाकलेल्या, कावळे हाकलत बसलेली ही बाई. मांडव घालताना त्यांनीच तर ते धोतर घडी करून तिच्या हातात दिलं होतं. 'जरा बाजूला घ्या, बाई.' बाजूला म्हणजे कुठं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"तव्यावर वाळवून बघितल्या. ग्यास पुरंना. दुकानदार म्हनला, करपट वास येतोय, आनू नका परत."

"पण मी विचारलं होतं की! चारी खोल्यांत जाऊन विचारलं!"

"इचारलं की. तुमी म्हनला, खोली गार करू का? गार नगं कोन म्हनंल, आप्पा?"

आप्पा ताडकन उठले. "थांबा. खाट उतरवा रे! आत्ता जाळी काढतो, वेल उपटतो…"

"आप्पा!" ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. मग दिपालीच्या दाराकडं बघून आवाज खाली आणला. "बाळ निजलंय आतमंदी. यंदा अंगावर एक पुळी न्हाई त्याच्या. हात लावू नगासा मांडवाला."

"अर्धा तरी काढतो. तुमच्यापुरता."

"अर्ध्या उनात भाकर वाकती, मोडत न्हाई. आन मी तिकडं खोली बघून आलेय. पत्र्याची हाय. वर लई ऊन."

"पत्र्याखाली भाजून निघाल हो तुम्ही!"

"मी भाजीन, व्हय," ती हसली. "भाकर चांगली व्हईल की."

दारात वाळायच्या राहिलेल्या भाकऱ्यांची टोपली उरली होती. ती आप्पांनी उचलली आणि गाडीवाल्याला न देता स्वतःच टेंपोत चढवली. कस्तुराबाई मागं खाटेला टेकून बसली.

टेंपो सुरू होईना. गाडीवाला खाली उतरून इंजिनाशी खटपट करू लागला. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. आप्पा दारातल्या सावलीत उभे होते. कस्तुराबाईनं आपल्या डोक्यावर पदर ओढून घेतला, टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, आणि त्यातली एकेक भाकरी उचलून ती खाटेवर उन्हात मांडू लागली.