भिंतीवर न येणारा डोमकावळा

कावळ्याच्या शापाने गाई मरत नाहीत, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने गाईंपुरतं सांगितलं. सासऱ्यांबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही, आणि त्या दिवशी मला नेमकी तीच काळजी होती.

सकाळी अकराला मी कॉफी घेऊन आर्नग्रीमुरच्या खोलीत गेले तर पलंग रिकामा. माझा सासरा शहाऐंशीचा आहे, उजव्या खुब्यात लोखंड घातलेलं आहे. माझी मुलं त्याला आफी म्हणायची, म्हणजे आजोबा. मुलं शहरात निघून गेली आणि हाक माझ्याकडे राहिली. दारामागची काठी नव्हती. पडवीतल्या खुंटीवरची चरबीच्या तुकड्यांची पिशवीही नव्हती. बाहेर नऊपासून बर्फ पडत होता, अजून सप्टेंबर संपायचा होता तरी. वारा असा की अंगणातला ट्रॅक्टर मधूनच दिसे आणि मधूनच नाहीसा होई.

नवरा, हाफलिदी, खोऱ्यातल्या बाकीच्यांबरोबर पठारावर मागे राहिलेल्या मेंढ्या हुडकायला गेला होता. दोन्ही कुत्री त्याच्याबरोबर. वर फोन लागत नाही. मी नदीपलीकडे योफ्रीदुरला फोन केला.

"आफी तुझ्याकडे आलाय का गं?"

"माझ्याकडे? या हवेत? माझा नवरासुद्धा आला नसता." योफ्रीदुरला विधवा होऊन सहा वर्षं झाली, पण नवऱ्यावरचे विनोद तिने थांबवलेले नाहीत. मग तिचा आवाज एकदम बदलला. "स्टेनवर, किती वेळ झाला?"

"माहीत नाही. मी मेंढवाड्यात होते."

"रोज जातो तरी कुठे तो?"

"माहीत नाही."

"एका घरात राहता, आणि माहीत नाही?"

मी नाक ओढलं.

"बरं, रडू नकोस. शोधपथकाला मी कळवते. खिंड बंद झालीय, दोन तास तरी लागतील त्यांना. मी ट्रॅक्टर काढते. तू एकटी लांब जाऊ नकोस हं, नाहीतर दोघांना शोधावं लागेल."

दोन तास. शहाऐंशी वर्षांचं शरीर या वाऱ्यात दोन तास काढत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आफी कुठे जातो ते मला खरंच माहीत नव्हतं. का जातो ते मात्र पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच कुठे ते मी कधी विचारलं नाही. एक विचारलं असतं तर दुसरंही बोलावं लागलं असतं.

आमच्याकडे प्रत्येक घराची डोमकावळ्यांची एक जोडी असते. स्वयंपाकघराच्या मागच्या दगडी भिंतीवर उरलंसुरलं ठेवायचं, हाडं, चरबी, माशाची कातडी. बदल्यात ती जोडी घरच्या कोकरांना चोच लावत नाही आणि भटक्या डोमकावळ्यांच्या टोळीला जवळ येऊ देत नाही. डोमकावळ्याचं देणं देव फेडतो, असं म्हणतात. टोळीतला एखादा मारला तर कुणी काही बोलत नाही. घरच्यावर मात्र बंदूक उचलायची नसते.

आमची जोडी चौदा वर्षांची होती. आफी दोघांनाही क्रुम्मीच म्हणे. "जो आधी दुसऱ्याला जेवू देतो तो नवरा," असं सांगे, आणि माझ्या नवऱ्याकडे बघून वर म्हणे, "माणसांत ही खूण चालत नाही." हिवाळाभर आम्ही दोघं खिडकीशी बसून त्यांची चोरी बघायचो. एकाला चरबीचा तुकडा लपवायचा असला आणि दुसरा बघत असला, की तो बर्फात चोच खुपसायचा, वर बर्फ ओढून नीट थापायचा, आणि तुकडा मात्र गळ्यात तसाच ठेवून उडायचा. दुसरा धावत येऊन उकरायचा, खाली काही नाही. आफी मांडीवर थाप मारून हसायचा. "बघ पोरी, बघणाऱ्यासमोर तो खरी जागा कधी दाखवत नाही. तू पाठ फिरवलीस की मग जातो."

मे महिन्यात मी त्यातली मादी मारली.

आठवड्याभरात टोळीने आमच्या दोन कोकरांचे डोळे काढले होते. मी झोपेअभावी नुसती भेलकांडत होते. पहाटे कुरणात एक मेंढी व्यालेली दिसली, पिल्लू निपचित, आणि त्याच्या डोक्याशी काळा पक्षी. मी बंदूक आणली आणि मारला. जवळ जाऊन बघते तर चोचीत जार होती, मेंढीची पडलेली वार, बाकी काही नाही. पिल्लाला कुठे ओरखडाही नव्हता. गोळीच्या आवाजाने ते दचकलं, धडपडलं आणि उठून उभं राहिलं. आजही ते आहे, चांगलं गलेलठ्ठ, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

कुंपणाच्या खांबावर दुसरा बसला होता. ओरडला नाही, उडाला नाही. मी त्याच्या देखत त्याच्या बायकोला शेणखताच्या ढिगात पुरलं.

"कसला आवाज झाला?" आफीने खिडकीतून विचारलं.

"कोल्हा होता."

"मारलास?"

"हो."

त्या दिवसापासून नर भिंतीवर आला नाही. मी घराबाहेर पाऊल टाकलं की कुठूनतरी यायचा आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडायचा. मी नवऱ्याचा कोट घालून बघितला, तोंडाला मफलर गुंडाळून बघितला, चालसुद्धा बदलली. बाई, चौदा वर्षं माझ्या हातचं खाल्लेला प्राणी तो, कोटाला फसणार होता? जूनमध्ये योफ्रीदुर कॉफीला आली तेव्हा ती आणि आफी अंगणात बसले होते. तिच्यावर हूं की चूं नाही. मी ताट घेऊन बाहेर आले आणि सुरू झाला.

"हा तुझ्यावरच का गं ओकतो?" योफ्रीदुर म्हणाली. "तुझं काय घोडं मारलंय याने, की तू याचं?"

मी हसले. आफी हसला नाही. कॉफीत साखरेचा खडा बुडवत बसला.

त्यानंतर तो पिशवी घेऊन बाहेर पडायला लागला. पक्षी घराकडे येत नाही तर आपण पक्ष्याकडे जायचं. एकटा पडलेला डोमकावळा हिवाळा काढत नाही, बाकीच्या जोड्या त्याला टोचून हाकलतात, जुनी माणसं तर म्हणतात मारूनच टाकतात. आफी आधी कुंपणापर्यंत जायचा, मग ओढ्यापर्यंत, मग दिसेनासा व्हायचा. मी भांडी घासत त्याची पाठ लहान होताना बघायची.

आता मी गमबूट चढवले आणि बाहेर पडले. अंगणात हाका मारल्या, मेंढवाड्यामागे, ओढ्याकाठी. वारा हाक तोंडातच परत कोंबत होता. पावलांचे ठसे केव्हाच बुजले होते. आणि मग डोक्यावर तो आला.

क्रुंक, क्रुंक. माझ्यावरच.

मेनंतर पहिल्यांदा त्याला बघून मला बरं वाटलं. आफी कुठे आहे हे कुणाला ठाऊक असेल तर यालाच. मी चक्क हात जोडले. "क्रुम्मी, दाखव रे. माझ्यावर राग धर, पण त्याला दाखव."

तो खाली आला. वीसेक पावलांवर बर्फात उतरला, चोच खुपसली, वर बर्फ ओढला आणि उडाला. मी धावत गेले. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी उकरलं. काठी लागेल, टोपी लागेल, हात लागेल. खाली नुसतं गवत. तो पुढे बसला, नदीच्या अंगाला. पुन्हा तेच. मी पुन्हा उकरलं. तिसऱ्यांदा उकरताना हाताला दगड लागला आणि मी किंचाळले, कारण थंडगार गोल काहीतरी म्हणजे काय, हे मी मनात आधीच ठरवून बसले होते.

नदीचा आवाज अगदी जवळ आला होता. कडेला पातळ बर्फ धरलेला. अजून दहा पावलं गेले असते तर योफ्रीदुर म्हणाली तसंच झालं असतं. तो पलीकडे दगडावर बसून माझ्याकडे बघत होता. ओरडत नव्हता आता.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. लबाड, तू मला चरबीच्या चोरासारखी फिरवतोयस. मी बघतेय तोवर तू खऱ्या जागी जाणार नाहीस.

म्हणजे मला पाठ फिरवायला हवी होती. घड्याळात बारा वीस. माणूस कुठेतरी गारठतोय आणि मी घरी परत जायचं. याहून वेडेपणा कुठला? पण दुसरं हातात काय होतं? मी वळले. मागे बघायचं नाही, असं स्वतःला बजावत मेंढवाड्यापर्यंत आले, आत शिरले आणि दार लावून घेतलं.

दाराला एक फट आहे. मी तिथे डोळा लावला. फट त्यालाही माहीत असेल का? माहीत असली तर संपलंच. मी मागे सरकून अंधारात उभी राहिले. मेंढ्या रवंथ करत होत्या. मला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, हाफलिदीचा तर फारच आला, की पठारावरच्या चार मेंढ्यांसाठी बाप सोडून गेला. पाच मिनिटं झाली. क्रुम्मी दारासमोरून गेला. पुन्हा गेला. छपरावर बसला, पत्र्यावर नखं वाजली. मी श्वास धरला. एक मेंढी खोकली तर तिचा गळा दाबावासा वाटला. सात मिनिटं. आठ. मी चूक केली असेल तर ही आठ मिनिटं मीच आफीच्या आयुष्यातून काढून घेतली होती.

नखं थांबली. पंखांचा आवाज झाला. फटीतून बघितलं तर तो सरळ वर चालला होता, डावीउजवीकडे न बघता, उतारावरच्या पडक्या मेंढवाड्याकडे. भिंतीमागे बुडाला आणि वर आला नाही.

तो चढ आफीने चढायचा नाही असं डॉक्टरने बजावलं होतं, म्हणून मी तिकडे बघितलंही नव्हतं. मी धावत सुटले. योफ्रीदुरला फोनवर "पडका वाडा, वर!" एवढंच ओरडले. अर्ध्या वाटेत पक्ष्याने मला पाहिलं, वर उठून बोंब मारायला लागला. पण जागा सोडली नाही. वाड्यावरच गोल फिरत राहिला.

आफी भिंतीच्या आडोशाला बसला होता. मांड्यांवर बर्फ, ओठ निळे, काठी मोडलेली. डोळे उघडे. ते हलले तेव्हा मी त्याच्याशेजारी गुडघे टेकले.

"घसरलो," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "कॉफी आणलीस?"

"तुझी कॉफी! आफी, मेला असतास ना!" मी त्याच्या अंगावरचा बर्फ झटकला, माझा कोट त्याला गुंडाळला, त्याचे हात माझ्या स्वेटरखाली पोटाशी धरले. रडत होते ते मला नंतर कळलं. "का येतोस इतक्या वर? का?"

"तो खाली येत नाही."

"आफी, तो कोल्हा..."

"कोल्हा नव्हता." त्याने डोळे मिटले. "मेपासून ठाऊक आहे मला. तू बाहेर आलीस की तो रोज सांगतो. चार महिने सांगतोय. मी म्हातारा आहे, बहिरा नाही."

माझ्या पोटावरचे त्याचे हात दगडासारखे गार होते.

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून?" त्याची मान खाली कलली. मला वाटलं शुद्ध गेली. "एका अंगणात तुम्ही दोघं राहू शकला नसता. एकाला बाहेर ठेवायला हवं होतं. तुला कसं ठेवणार होतो पोरी? म्हणून त्याला वर ठेवला, आणि मी येत राहिलो."

खालून ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला. मी त्याला उठवायला काखेत हात घातला. तो उठेना. भिंतीच्या टोकाला तो पक्षी येऊन बसला होता, दहा पावलांवर, माझ्याकडे बघत. बर्फात पिशवी उपडी पडली होती. आफीने हनुवटीने दाखवली.

"ते ठेव आधी. भिंतीवर. तुझ्या हाताने."

मी तुकडे गोळा केले आणि दगडावर ठेवले. पक्षी जागचा हलला नाही.

"नाही घेणार तो माझं," मी म्हणाले.

"आता पाठ कर."

मी त्याच्याकडे पाठ केली. आफीचा चेहरा माझ्या समोर होता आणि तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. ट्रॅक्टर जवळ आला. योफ्रीदुर हाका मारत होती, मी वळले नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आफीच्या निळ्या ओठांचा एक कोपरा हलला, आणि माझ्या मागे दगडावर चोच वाजली.