गुळाचाही रोग बरा झाला

"मुंगी माझी बाई, कुणाला ना भिते
गोड असंल तिथं, रांग लावून येते..."

आई जात्यावर म्हणायची. आज अंगणात अर्धी शनिवार पेठ लोटली असताना सरुबाईंना तो आवाज आठवला, आणि ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

मधोमध गोसावी बसला होता. गेल्या सोमवारी त्यानं सरुबाईंच्या यजमानांचं, दिगंबरपंतांचं मूत्र फरशीवर ओतवलं, तेव्हा मुंग्यांची जत्रा भरली होती. आज तीच फरशी त्यानं पिवळ्या अंगाऱ्यानं 'शुद्ध' केली आणि वर पुन्हा मूत्र ओतवलं. मुंग्या आल्या, काठाशी घुटमळल्या, माघारी फिरल्या. माणसांचे हात आपोआप जोडले गेले.

"मुंगीनं सोडलं, म्हणजे मधुमेहानं सोडलं," गोसावी म्हणाला. "वैद्याची जवाची भाकरी गाईला घाला. प्रसादाचे पाच पेढे रोज चालूच ठेवा, एक्केचाळीस दिवस पुरे होईतो."

पंत आठवडाभर पेढे खात होते आणि घागरभर पाणी पीत होते. अंगावरचा अंगरखा सैल झाला होता. धाकटे दीर अनंतभाऊजींनी श्रीनिवासवैद्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. बोलावं तर रीत मोडते, न बोलावं तर माणूस. सरुबाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात वारा फिरला, आणि अंगाऱ्याचा वास आला. ओळखीचा. रोज सकाळी गुळाच्या बरणीभोवती त्या हळद-हिंगाची रेघ ओढत, तोच.

त्या आत गेल्या, गूळ कालवलेलं पाणी घेऊन आल्या. थोडं अंगाऱ्यावर ओतलं, थोडं शेजारच्या कोऱ्या फरशीवर. कोरी फरशी बघता बघता काळी झाली. अंगाऱ्याला एकही मुंगी शिवेना.

"महाराज," सरुबाई म्हणाल्या, "आमच्या गुळाचाही मधुमेह बरा झालेला दिसतो."

 मागून एक हसला, मग सगळेच. गोसावी झोळी आवरू लागला.

"हिंगानं मुंगी फिरते, रोग फिरत नाही," त्या अनंतभाऊजींकडे बघत म्हणाल्या. "पुढच्या वेळी हात जोडण्याआधी वास घेऊन पाहावा. आणि वैद्यांना बोलवावं, आत्ता."

अंगण रिकामं झालं. सरुबाईंनी पंतांपुढचं पेढ्यांचं ताट उचललं. "आजपासून जवाची भाकरी साऱ्या घराला. आपण एकट्यानं नाही खायची."

पंतांनी पायांकडे पाहिलं.

"परवा शेगडीतला निखारा पायावर पडला," ते म्हणाले. "कातडं जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. दुखलंच नाही गं. म्हणून तो गोसावी खरा निघावा असं वाटत होतं."