फुगवट्यावरची पुटकुळी

डोक्याच्या तपासणीत तिच्या एका रक्तवाहिनीला फुगवटा दिसला आणि त्या दिवसापासून नवऱ्याने भांडण सोडलं. तिचा रक्तदाब चढायला नको म्हणून. उभा संसार दोघांनी हुज्जत घालत सुखाने केलेला, आणि आता हा सायकल-दुरुस्तीवाला अळणी भाजीलाही 'झकास' म्हणू लागला. दुखणं राहिलं बाजूला, या गोडबोलेपणानेच आपला जीव जाणार असं तिला वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी तो फुगवटा पडद्यावर मोठा करून दाखवला.

"लहान आहे ना?" नवऱ्याने पुन्हा विचारलं.

"लहान आहे, पण आकार बरा नाही," त्या म्हणाल्या. "गोल, गुळगुळीत असता तर म्हटलं असतं, अधूनमधून तपासू. हा एका अंगाला कलंडलाय आणि पाठीवर आणखी एक पुटकुळी आहे, बघा. असे फुटायची भीती जास्त. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी डोक्यापर्यंत नेऊन आतून बंद करता येईल. त्यातही धोका आहे, पण माझं मत विचाराल तर करून घ्या. तुम्ही दोघं बोला, मी आलेच."

त्या बाहेर गेल्या.

"तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला.

"माझ्या म्हणण्याला कधीपासून माना डोलवायला लागलात? मनातलं सांगा."

"लहान आहे. राहू दे की."

"अहो, अशी फुगलेली, वर पुटकुळी आलेली ट्यूब कुणी दुकानात आणली, तर काय सांगता?"

अशी ट्यूब चाकात ठेवून तो गिऱ्हाइकाला दुकानातून हलू देत नसे, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

"बदला म्हणतो," तो अखेर म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "ट्यूबा मिळतात गं. फळीवर दुसऱ्या असतात. तू आत गेलीस आणि आलीच नाहीस, तर मी कुठून आणू? अक्कल आहे का तुला? मला ट्यूबचं सांगतेस."

तिला त्याची फार माया आली.

"ओरडा," ती त्याचा हात धरून म्हणाली. "मला अजून पुष्कळ वर्षं तुमचं ऐकून घ्यायचंय, म्हणूनच करून घेतेय."

डॉक्टरीणबाई परत आल्या, तेव्हा "करून टाका" हे तिच्याआधी त्यानेच सांगितलं, तेही चिडून, डोळे पुसत.