खासदारांसमोरची तीन मिनिटं

मुलांच्या नाटकवर्गांना पैसे देणारी सरकारी योजना मार्चमध्ये बंद होणार होती. म्हणजे इथला, जपानमधल्या ओजिमातला माझा वर्गही बंद. एका खासगी संस्थेनं योजना वाचवण्यासाठी आम्हाला अनुदान दिलं: खासदारांना भेटा, कलेची बाजू मांडा. खासदाराला भेटायला अनुदान लागतं, हे पुण्यात कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण इथे भेटीआधी निवेदन, निवेदनाआधी आकडे, आकड्यांआधी पाहणी. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. आम्ही सात थांबलो. मग एका खासदारानं दहा मिनिटं दिली. त्यातली बोलायला तीन.

माझं जपानी भाजी घेण्यापुरतं. म्हणून बोलायचं ठरलं चारुतानं, माझ्या बारा वर्षांच्या मुलीनं. शाळेत ती तोंड उघडत नाही. दोन वर्षांपूर्वी घरातही गप्प झाली होती. वर्गात मी तिला दरोडेखोराची भूमिका दिली आणि पोरगी बोलायला लागली, ओरडायलासुद्धा. वर्ग गेला तर ती पुन्हा मिटेल, एवढीच मला भीती होती. बाकी कलेचं काय व्हायचं ते होवो.

भाषण तिनं स्वतः लिहिलं. खासदारांच्या कचेरीत ती उभी राहिली आणि न अडखळता म्हणाली, "मी शाळेत बोलत नाही. नाटकात बोलते. ती जागा बंद करू नका."

खासदार प्रसन्न हसले. "अरे वा! जपानी किती छान बोलतेस! इथे येऊन किती वर्षं झाली?"

"मी इथेच, इचिकावात जन्मले," चारुता म्हणाली.

"असं होय! तरीच!"

सगळे हसले. योजनेबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. सेक्रेटरींनी फोटो काढला, दार उघडून धरलं. चारुता माझ्याकडे बघत होती. साहेब, तिला उत्तर द्या, एवढं तरी मला म्हणता आलं असतं. तेवढं जपानी मला येतं. मी कमरेत वाकले. तीनदा आभार मानले.

बाहेर आल्यावर राग यायला हवा होता, निदान रडू. काहीच आलं नाही. संस्थेच्या अहवालात 'परिणाम' या रकान्यात काय लिहायचं, ते मात्र मी चालता चालता ठरवून टाकलं: खासदारांनी मुलांचं कौतुक केलं. खोटं नव्हतं ते.

स्टेशनजवळच्या कोनबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात शिरलो. "काय खाशील गं?" मी विचारलं.

तिनं काचेमागच्या भाताच्या गोळ्यांकडे बोट दाखवलं.

"कुठला? सॅल्मन मासा घातलेला की आलुबुखार? चारू, सांग ना."

ती तशीच बोट दाखवत उभी राहिली.