घंगाळाची निवड

"उडालं! पाणी उडालं!"

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात प्रवासी एकमेकांच्या खांद्यावर चढायचेच काय ते बाकी होते. टेबलावर दोन उभ्या कानांचं पितळी घंगाळ होतं. एक जाडजूड गृहस्थ ओल्या तळव्यांनी त्याचे कान चोळत होते. घंगाळ गुणगुणत होतं आणि आतलं पाणी चक्क उड्या मारत होतं.

"मी वस्तू विकत नाही," दुकानदार डोळे मिटून म्हणाला. "वस्तूच माणूस निवडते. मी फक्त बांधून देतो."

आणि पैसे घेतो, हे सांगायचं बिचारा विसरला.

गर्दीतल्या दोघी बहिणींपैकी धाकटीला हसू आवरेना. ती शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे घरात तिचं कुणी ऐकत नसे. थोरल्या बहिणीला, ताईला, तिनंच सहलीला आणलं होतं. ताईच्या डोळ्यांत काचबिंदू. परतल्यावर शस्त्रक्रिया ठरलेली आणि त्या धास्तीनं ताईची झोप उडालेली. जरा मन रमेल म्हणून आणलं, तर ते नेमकं इथं रमलं!

दुकानदारानं ताईचे हात पाण्यानं धुऊन घेतले आणि ओलेच घंगाळावर ठेवले. तिनं कान चोळताच पाणी थुईथुई उडालं.

"बघा माई! राजवैद्याचं घंगाळ आहे हे. यातलं पाणी रोज डोळ्यांत घाला. सुरी कशाला लावून घेता? आणि औषधाचे थेंब आजपासून बंद. दोन शक्ती एकमेकींशी भांडतात."

ताईचा चेहरा उजळला आणि धाकटीचं हसू पार मावळलं.

"अगं, ती तारीख रद्द करून टाक," ताई म्हणाली. "यानं मला निवडलंय."

"मलाही बघू द्या की!" धाकटी पुढे सरसावली.

"तुमच्या हातांत शंका आहे." दुकानदारानं तिच्या तळव्यांना सुगंधी तेल चोळलं. "यानं शंकेचा दाह शमतो."

शंका शमली नाही, पण घंगाळ मात्र शमलं. ढिम्म हलेना. हात नुसते सुळसुळ घसरत होते. लोक फिदीफिदी हसले.

धाकटी चिडली आणि मग एकदम थबकली. घरी तिनं घासलेल्या प्रत्येक ताटावरून ताई अंगठा फिरवायची. ताट करकरलं तर ठीक, अंगठा घसरला की "तेलकट आहे, पुन्हा घास!" जन्मभर तिनं ही बोलणी खाल्ली होती.

ती तडक कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, साबणानं खसाखसा हात धुऊन आली आणि ओल्या रुमालानं घंगाळाच्या कानांवरचं तेलही स्वच्छ पुसू लागली.

"अहो, शुद्धी मोडेल!" दुकानदार ओरडला.

मोडली नाही. ओले तळवे फिरले, घंगाळ गुणगुणलं, पाणी उडालं.

"श्रद्धा जागी झाली!" दुकानदारानं घाईघाईनं जाहीर केलं.

"साबणानं झाली हो." तिनं तेलाची कुपी उचलली. "ताई, हात कर पुढे."

तेल लावलेल्या हातांनी ताईनं कान चोळले. जोर लावून चोळले. पाणी जागचं हललं नाही.

"आत्ता तर मला निवडलं होतं," ताई पुटपुटली.

"तूच सांग, तेलकट ताट करकरतं का? ओला, स्वच्छ हात धातूवर अडतो, सुटतो, पुन्हा अडतो. त्यानं भांडं थरथरतं आणि पाणी उडतं. तेल लागलं की हात अडतच नाही. कृपा नको नि कोप नको."

जाडजूड गृहस्थांनी तसलंच दुसरं घंगाळ बांधून घेतलं होतं, ते खोकं हळूच टेबलावर ठेवलं. दुकानदाराला भर दुपारी दुकान बंद करायची वेळ झाल्याचं आठवलं.

बाहेर येताच ताईला रडू कोसळलं. "सुरीची भीती वाटते गं मला. वाटलं, सुटले एकदाची."

धाकटीचा सगळा खवचटपणा गळून पडला. "मलाही वाटते. पण ताई, तुला दिसलं पाहिजे गं. बाकी मला काही नको."

ताईनं नाक पुसलं, पर्समधून थेंबांची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि मान मागे टाकली. "घाल. आणि तारीख आहे तीच राहू दे."

तर मंडळी, प्रवासात जुनं घंगाळ आवडलं तर खुशाल घ्या आणि पाहुण्यांपुढे नाचवा. पण कुणी त्यात कृपा दाखवली, तर 'हात धुऊन मी करून बघू का?' एवढं विचारायला लाजू नका. आणि डोळ्यांत काय घालायचं, ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.