फ्लोरेन्सला जागा बदलायची

शरयू गेली त्या रविवारी सकाळी मी घरी बसून ट्रेनच्या सीट्स निवडत होतो. ती मराठी शाळेत गेली होती. इथे अमेरिकेत, कॅरी गावात एका चर्चच्या वर्गखोल्या आम्हाला रविवारी वापरायला मिळतात, तिथे ती पहिलीच्या मुलांना शिकवायची. जूनमध्ये आम्ही दोघं इटलीला जाणार होतो. विमानाची तिकिटं झाली होती, हॉटेलं झाली होती, रोमहून व्हेनिसला जायची गाडी तेवढी राहिली होती.

मी स्क्रीनवरच्या सीट्सचा फोटो काढून तिला पाठवला. 'या दोन घेऊ? समोरासमोर, मधे टेबल.'

उत्तर लगेच आलं. 'घे. खिडकी माझी.'

'दोन्हीला खिडकी आहे.'

याला उत्तर आलं नाही. वर्ग सुरू झाला असेल असं वाटलं. मी पैसे भरायचं बटण दाबलं आणि चहा ठेवायला उठलो, तेवढ्यात प्रतिमाचा फोन आला. प्रतिमा शरयूबरोबर शाळेत शिकवते.

"प्रल्हाद, शरयू फळ्यापाशी पडली. अँब्युलन्स तिला घेऊन गेलीये. तू इकडे येऊ नकोस, डायरेक्ट हॉस्पिटलला जा."

हॉस्पिटलमध्ये मला एका छोट्या खोलीत बसवलं. तिथे दोन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा होता. डॉक्टरबाई आल्या, खुर्ची जवळ ओढून बसल्या आणि मेंदूत रक्तस्राव झाला होता, आम्ही शक्य ते सगळं केलं, असं म्हणाल्या. त्या बोलत असताना माझ्या खिशात फोन थरथरला. मला वाटलं शरयूचाच मेसेज आहे. ते ट्रेनचं तिकीट होतं.

इटलीची कल्पना शरयूच्या डोक्यातून निघाली होती. प्रतिमा आणि तिचा नवरा रवी आदल्या वर्षी आठवड्यात पाच शहरं करून आले होते. कुठे काय पाहिलं हे रवीला फोटोखालचं नाव वाचून सांगावं लागायचं. ते ऐकून शरयू म्हणाली, "आपण दोनच करायची. रोम आणि व्हेनिस. मधे एक लांबलचक ट्रेन."

मी म्हटलं, "विमानाने तासाभराचं काम आहे."

"मला काम उरकायचं नाहीये. इतकी वर्षं मी तुझा उजवा कान बघतेय. कारमध्ये तू रस्त्याकडे बघतोस आणि हं हं करतोस. एकदा तुझ्यासमोर बसून बोलायचंय."

"घरी डायनिंग टेबल आहे की."

"तिथे माझ्यासमोर लॅपटॉप असतो. त्याच्यामागे तू."

तिचं म्हणणं खरं होतं. इथे दूध आणायला जायचं तरी गाडी काढावी लागते. आमची सगळी बोलणी गाडीतच झाली. आमच्या इशिताचं कॉलेज, माझ्या आईचं आजारपण, हे घर घ्यायचं की नाही, सगळं शेजारी शेजारी बसून, समोर बघत ठरलं.

अडचण एकच होती. उलट्या दिशेने बसलं की शरयूला मळमळायचं. सीट्सच्या नकाशावर गाडी कुठल्या बाजूला जाणार ते कळत नव्हतं. मी दोन संध्याकाळी शोधाशोध केली, आणि त्यात कळलं की फ्लोरेन्सच्या स्टेशनात रूळ संपतात. गाडी जशी आत शिरते तशीच उलटी बाहेर निघते. म्हणजे कुठलीही सीट घेतली तरी निम्मा प्रवास उलटाच. मी हे तिला जरा भीत भीतच सांगितलं.

ती हसायलाच लागली. "अरे, म्हणजे दौंड!"

ती नागपूरची. कॉलेजला पुण्यात होती. तेव्हा नागपूरच्या गाडीला दौंडला दुसऱ्या टोकाला इंजिन लावायचे आणि गाडी उलटी निघायची. तिला सोडायला-आणायला तिचे वडील यायचे. दौंड आलं की ते उठून उभे राहायचे, ती त्यांच्या जागेवर बसायची आणि ते तिच्या.

"तसंच करायचं," ती म्हणाली. "फ्लोरेन्सला जागा बदलायची. तोपर्यंत सरळ बाजू माझी."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरही माझीच. उलटं बसायला तू आहेस ना."

दहाव्याचे विधी आम्ही तळ्याकाठच्या पार्कात केले. गुरुजी आठवडाभर एका औषध कंपनीत नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगतात, म्हणून दहावा दिवस उलटून गेल्यावरचा शनिवार धरला. केळीचं पान इंडियन स्टोअरमधून आणलं होतं. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते, पण पार्किंगच्या दिव्यावर बसून होते. आधी आली ती तळ्यातली बदकं, ती मोठी, लांब मानेची.

रवी छत्री घेऊन धावला. "हट्! हट्! यार, यांना कोणी बोलावलं?"

एरवी मी हसलो असतो. शरयू तर खाली बसून हसली असती.

कावळा येईना. आमच्याकडे अशा वेळी माणसं पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतात. काही राहून गेलं असेल तर आम्ही करू, तू निश्चिंत जा, असं. प्रतिमा पुढे झाली. "शरयू, शाळा आम्ही चालू ठेवू. तुझा वर्ग मी घेईन." कावळा हलला नाही. रवी म्हणाला, "प्रल्हादला आम्ही एकटं जेवू देणार नाही." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून उभा राहिलो.

मग इशिता पुढे गेली. आमची मुलगी इथेच जन्मली, शिकागोत फिजिओथेरपिस्ट आहे. घरात आम्ही मराठी बोलतो आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. त्या दिवशी ती मराठीत बोलली, एकेक शब्द जुळवत.

"आई, मी बाबाबरोबर इटलीला जाते. तुझ्या सीटवर मी बसते. तू काळजी नको करू."

दिव्यावरचा एक कावळा उठला, सरळ पानावर येऊन बसला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

प्रतिमा रडायला लागली. रवीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी असल्या गोष्टी फार मानणारा नाही. बदकं लांब गेली म्हणून तो आला असेल. पण सगळ्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. शरयूला ते पसंत होतं. मला नव्हतं.

मला जायचं नव्हतं असं नाही. इशिताबरोबर जायचं नव्हतं असंही नाही. त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं बघायचं नव्हतं, मग ती आमची मुलगी का असेना. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

नागपूरहून माझी मोठी बहीण सुवर्णाताई फोन करायची. वर्षाच्या आत फिरायला जायचं का, असं मी तिला विचारलं. ती नको म्हणेल अशी माझी खात्री होती. रीतभात तिच्याइतकी आमच्यात कोणी पाळत नाही.

"कावळा शिवला ना रे त्या बोलण्यावर?"

"हो."

"मग मला काय विचारतोस? पोरीने शब्द दिलाय. तिला खोटं पाडू नकोस."

विमानाचं नवीन तिकीट इशिताने स्वतः काढलं. हॉटेलांना तिने कळवलं. ट्रेनच्या तिकिटावर प्रवाशाचं नाव असतं, ते बदलायचं होतं, आणि गाडी सुटेपर्यंत ते बदलता येतं. वेबसाइटवरचं ते पानही सोपं आहे. प्रवाशाचं नाव दिसतं, ते पुसायचं, नवीन लिहायचं, सेव्ह करायचं. शरयूच्या नावात मधे माझं नाव आहे. इशिताच्याही नावात मधे माझंच नाव आहे, आणि आडनाव तेच. म्हणजे पूर्ण नावही बदलायचं नाही. पहिला एक शब्द तेवढा पुसायचा.

मी ते पान उघडतो आणि बंद करतो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उघडतो, घरी आल्यावर उघडतो.

मागच्या शनिवारी इशिता आली. सकाळी मी पोहे केले होते. टेबलाशी आम्ही समोरासमोर बसलो. लॅपटॉप मी आत ठेवला होता.

"बाबा, ट्रेनचं झालं?"

"करतो."

"लॉगिन दे ना, मी करते. टेन सेकंड्स."

"मी करतो म्हटलं ना."

तिने चमचा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुला मी यायला नकोय का? जस्ट टेल मी."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी तिला गाडीचं सांगायला लागलो. दोन बशा समोरासमोर ठेवल्या. ही तू, हा मी. गाडी या बाजूला जाणार. फ्लोरेन्सला रूळ संपतात, गाडी उलटी निघते. तेव्हा आपण उठायचं आणि जागा बदलायची. मी बशांची अदलाबदल करून दाखवली.

"व्हाय?"

"उलटं बसलं की मळमळतं."

"मला नाही होत तसं, बाबा. आय ॲम फाइन. मी कुठेही बसेन. उठायची काही गरज नाही."

ती सहज म्हणाली. पुढे पोहे खायला लागली. मी बशा पाहत राहिलो. तिचं बरोबर होतं. मला होत नाही, तिला होत नाही. फ्लोरेन्सला आता कोणालाच उठायची गरज नव्हती.

मला रडू आलं. शरयू गेल्यापासून मी लोकांसमोर रडलो नव्हतो. हॉस्पिटलमध्ये नाही, दहाव्याला नाही. चमचा हातात धरून मी मोठ्याने रडलो. इशिता उठून माझ्यामागे आली आणि तिने माझं डोकं धरलं.

"बाबा, काय झालं? काय म्हणाले मी?"

मग मी तिला दौंडचं सांगितलं. तिचे आजोबा कसे उभे राहायचे, आई कशी त्यांच्या जागेवर बसायची. उजव्या कानाचं सांगितलं. आईने शाळेतून पाठवलेला शेवटचा मेसेज दाखवला. खिडकी माझी. इशिताने तो वाचला, फोन माझ्याकडे परत दिला आणि बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"मला आईची जागा घ्यायची नाहीये," ती म्हणाली. "तू तिथे एम्प्टी सीटसमोर बसशील, ते मला नकोय. दॅट्स ऑल."

"माहीत आहे."

"आणि आपण बदलू. फ्लोरेन्सला. दोघं उठू आणि बदलू. ओके?"

"तुला काही होत नाही ना पण."

"तरी बदलू."

रविवारी मी तिला विमानतळावर सोडलं. जाताना गाडीत ती खूप बोलली आणि मी रस्त्याकडे बघत हं हं केलं. उतरताना म्हणाली, "नाव, बाबा. प्लीज. नाहीतर मला ट्रेनमध्ये बसू देणार नाहीत."

"आज करतो," मी म्हटलं.

आता बॅग भरून झाली आहे. पासपोर्ट वरच्या कप्प्यात आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या प्रतिमा उद्या देणार आहे, ट्रेनमध्ये खायला. घराची किल्ली रवीकडे दिली. इशिता मला रोमच्या विमानतळावर भेटेल.

ट्रेनच्या तिकिटावर अजून शरयूचं नाव आहे. ते बदलायचं राहिलं आहे.